ताजा माल, मुंबई ते पॅरिस

मुंबईहून पॅरिस किती लांब आहे, हे अरुणाला तिच्या नवऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. लग्नाआधी दोन वर्षं ती जयसिंगपूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. पृथ्वीच्या गोलावर एक बोट मुंबईवर ठेवायचं, एक पॅरिसवर, मधे शिवणाचा दोरा ताणून धरायचा आणि मग तोच दोरा विषुववृत्तावर लावून मोजायचा. सात हजार किलोमीटर, थोडं इकडं तिकडं. ही युक्ती तिनंच नवऱ्याला, बाळासोला, त्यानं तिच्यासाठी आणून टेबलावर ठेवलेल्या गोलावर दाखवली.

"नकाशात तर लई वाकडंतिकडं दिसतंय," बाळासो म्हणाला होता.

"नकाशा सपाट असतोय. विमान गोलावरनं जातंय."

त्याला ते इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्यानं ते ऐकवलं. चौऱ्याहत्तर सालची ही गोष्ट. मगदूमांची, म्हणजे बाळासोच्या घराची, कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत होती. सासरे आप्पासो यांनी ती उभी केली, नावारूपाला आणली. पण बाळासोला गुळात राम वाटत नव्हता. हंबीरराव नावाच्या एका खटपट्या माणसाशी त्यानं भागी केली आणि परदेशी माल पाठवायचा धंदा सुरू केला. कसला माल, असं अरुणानं एकदाच विचारलं. "भाजीपाला," तो म्हणाला. "भेंडी, हिरवी मिरची, असलंच. तिकडच्या हॉटेलात ताज्याला लई भाव हाय. शिळं झालं की फेकून देत्यात." अरुणाला ते पटलं. न पटायला काही कारणच नव्हतं.

उलट तिला त्या धंद्यात गोडी वाटू लागली. कोल्हापूरहून मुंबई चारशे किलोमीटर, त्याला ट्रकला घाट धरून चौदा तास. मुंबईहून पॅरिस सात हजार, त्याला विमानाला दहा, तेही मधे एकदा तेल घ्यायला उतरून. त्यात पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. "म्हंजे साडेचार तास फुकटात मिळालं की," असं बाळासो म्हणायचा. अरुणानं त्याला समजावलं, की फुकट काही मिळत नाही. घड्याळ मागं असलं तरी बर्फ आपल्याच वेळेनं वितळतो. ट्रक कधी सोडायचा, बर्फ किती घालायचा, विमानतळावर किती वेळ आधी पोचायचं, हे सगळं तिनं एका दुपारी बसून बसवून दिलं. पहिला माल वेळेत उतरला, तेव्हा बाळासोनं घरात सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्यो माल अरुणानं पोचवला." तिला खूप बरं वाटलं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि शिकलेल्या सुनेचा उपयोग काय, असं आडून आडून बोलणाऱ्या बायका घरात येत-जात होत्या.

फक्त त्याच्या कपड्यांना एक वास यायचा. शेवाळलेल्या डबक्याचा, कच्चा, ओलसर. ती त्याचे सदरे वेगळे भिजवायची. "बर्फाचं पाणी लागतंय," तो म्हणायचा.

श्रावणातल्या एका सकाळी मुंबईहून घरी ट्रंककॉल आला. बाळासो मालाच्या पुढं जाऊन विमानतळावर थांबला होता. आवाज लांबून, खरखरत येत होता.

"विमान बिघडलंय. उद्या सकाळी न्हाय, सांच्याला सहाला सुटणार हाय. गाडी दुपारी सोडू नका म्हणावं. आप्पा हाईत का?"

"मामंजी जयसिंगपूरला गेल्यात, पावण्यांच्यातल्या लग्नाच्या बोलणीला."

"मग माल भरायच्या शेडवर कोण सांगणार? तिथं फोन न्हाय."

"मी जाते," अरुणा म्हणाली. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. "उद्या सहाचं विमान म्हंजे गाडी आज रात्री दहाच्या पुढं सोडली तरी चालतंय. माल त्याच्या आधी तासभर बर्फात घाला म्हणून सांगते. आत्ता घातला तर उद्यापर्यंत बर्फ पुरायचा न्हाय."

पलीकडून तो घाईनं म्हणाला, "तू नगं जाऊस. कुणालातरी धाड." पण लाईन तुटली. दुकानात त्या वेळी पाठवण्याजोगं कुणी नव्हतं, आणि दुपार व्हायला वेळ थोडा होता. तिनं लुगडं बदललं, रिक्षा केली आणि निघाली.

शेड शिरोलीच्या अंगाला, पंचगंगेच्या पुलापलीकडं, उसाच्या मळ्यात होती. पत्र्याची, लांबट, बाहेर भुश्शात झाकलेल्या बर्फाच्या लाद्या आणि ताडपत्रीचा ट्रक. रिक्षावाल्यानं अलीकडंच थांबून नाकाला टॉवेल लावला. अरुणाला तो वास लगेच ओळखू आला. सदऱ्यांचा वास. इथं मात्र तो हवेत नुसता चिकटून होता, जिभेवर येत होता.

आत दोन रांगांत बायका विळ्या मांडून बसल्या होत्या. भाजी चिरायला बसावं तशाच. त्यांच्या बाजूला तोंडं बांधलेली पोती होती आणि ती पोती हलत होती. दाराजवळच्या बाईनं पोत्यात हात घातला, हिरवट, फुगीर, मूठभर असं काहीतरी बाहेर काढलं, विळीच्या पात्यावर कमरेत दाबलं आणि दोन तुकडे केले. मागचे पाय डावीकडच्या घमेल्यात गेले. उरलेलं तिनं न बघताच पाठीमागं टाकलं.

पाठीमागं गुडघाभर ढीग होता. तो ढीगही हलत होता. कमरेखाली काही न उरलेली बेडकं पुढच्या दोन पायांवर सरकायला बघत होती. एकमेकांवर चढत होती, घसरत होती. त्यांचे डोळे उघडझाप करत होते. गळ्याखालची कातडी अजून श्वासासारखी फुगत होती. एक तेवढ्यातून बाहेर पडून फरशीवर आलं होतं आणि आतड्याचा दोरा मागं ओढत अरुणाच्या चपलेपर्यंत पोचलं होतं.

ती मागं सरली ती दुसऱ्या कशावर तरी. पायाखाली ते फुटलं.

"या वैनी, या," हंबीरराव पुढं आला. त्याच्या तोंडात पान होतं. "तुमी कशाला तसदी घेतली?"

अरुणाच्या तोंडून निरोप बाहेर पडला. कसा पडला हे तिला नंतर कधीच कळलं नाही. विमान उद्या संध्याकाळी आहे, गाडी रात्री दहाच्या पुढं सोडा, माल त्याआधी तासभर बर्फात घाला. शाळेत फळ्यावर लिहून द्यावं तसं तिनं नीट, सावकाश सांगितलं. हंबीररावानं मान डोलावली.

"म्हंजे सकाळची कापलेली बाद झाली." त्यानं घमेलं पायानं सरकवलं. सोललेले पांढरे पाय एकमेकांत अडकून पडले होते. मांडी, पोटरी, पाऊल. तान्ह्या पोराचे असावेत तसे. "पर बरं झालं सांगितलंसा. ऱ्हायलेली पोती आता जित्तीच ठेवतो. बया, थांबवा गं. पोत्यांवर पाणी मारा. रातच्याला ताजी कापू."

ती रिक्षाकडं वळली, पण तिथवर पोचली नाही. उसाच्या कडेला बसली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली. विळीवरची ती बाई, बयाबाई, तांब्या घेऊन मागून आली. तिनं हात धुतले होते, तरी नखांत काळं राहिलं होतं. अरुणानं तांब्या घेतला नाही.

"तुमी जैनाच्या. तुमाला न्हाय सोसायचं ह्ये," बयाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आमालाबी पयलं आठ दिस जेवान गेलं न्हाय. मग जातंय."

घरी आल्यावर अरुणानं चपला उकिरड्यात टाकल्या. कढत पाण्यानं अंघोळ केली. शिकेकाई लावली, परत केली. वास जाईना. आषाढापासून आपण तो वास स्वतःच्या हातांनी चोळून काढतोय, त्या हातांनी पोळ्या लाटतोय, हे आठवलं आणि तिला स्वतःच्या बोटांचीच शिसारी आली. त्याहून जास्त किळस आली ती आपण दिलेल्या निरोपाची. एवढं बघूनही आपण चुकलो नाही, अडखळलो नाही. सकाळी मेली ती वाया गेली, उरलेली पोत्यात रात्रीपर्यंत वाट बघत जिवंत राहणार, आणि हा सगळा बेत आपल्या डोक्यातून निघाला.

आप्पासो दिवस मावळायच्या आत परतले. दिवेलागणीनंतर ते अन्नाला शिवत नसत. ओसरीवर येऊन त्यांनी पाय धुतले आणि रोजच्यासारखं घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून पाणी गाळायला घेतलं. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. बारीकसारीक जीव पोटात जाऊ नये म्हणून.

"विमान लांबलं म्हणं," ते म्हणाले. "दुकानात कळलं. निरोप पोचला न्हवं शेडला?"

"मी गेले होते. मामंजी, ती भाजी न्हाय."

त्यांनी वर बघितलं नाही. पाण्याची धार न मोडता म्हणाले, "तू कशाला गेलीस?"

काय आहे मग ते, असं त्यांनी विचारलं नाही. अरुणा त्या फडक्याकडं बघत राहिली.

"तुमाला ठाऊक होतं."

"आपण हात लावत न्हाय, अरुणा. धरणारं येगळं, कापणारं येगळं, खाणारं येगळं. आपली नुसती गाडी आन् बर्फ. गाडीत काय भरलंय ते भरणाऱ्याच्या माथ्यावर."

त्यांनी फडकं सोडलं, त्यावर राहिलेला गाळ थोड्या पाण्यानं अलगद दुसऱ्या भांड्यात उतरवला. ते पाणी परत आडात सोडायचं असतं, जीव जगावेत म्हणून. ते उठून आडाकडं गेले. या माणसाच्या पाया ती चार वर्षं सणावाराला पडत आली होती.

बाळासो तिसऱ्या दिवशी आला, खुशीत. पॅरिसच्या व्यापाऱ्याच्या माणसानं मुंबईत दिलेली अत्तराची बाटली त्यानं तिच्यापुढं धरली.

"वेळेत उतरला बघ माल. तुझ्याच हिशेबानं. न्हायतर सगळं सडलं असतं."

तिनं बाटली घेतली नाही. "शेड बघितली मी," एवढंच म्हणाली.

तो पलंगावर बसला. बराच वेळ बूट सोडत राहिला. मग म्हणाला, "कोण खातंय ते? सात हजार किलोमीटरवरची माणसं. आपण त्यांचं तोंडबी बघत न्हाय. ते खात्यात त्याचं आपल्याला काय?"

"पॅरिस लांब हाय," अरुणा म्हणाली. "शेड चार मैलांवर हाय."

"मग काय, जल्मभर गुळाच्या ढेपा मोजत बसू?"

"मला खोटं का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर हिशेब करून दिला असतास का?" त्यानं सरळ विचारलं. त्यात त्याला लाज वाटण्यासारखं काही दिसलं नसावं. उलट समजूत घालावी तसा तो पुढं सरकला आणि तिच्या दंडावर हात ठेवला. तो हात थंड, दमट होता. कदाचित नुकताच धुतला असेल. पण अरुणानं तो असा झटकला, की दोघंही क्षणभर एकमेकांकडं बघत राहिले.

त्या दिवसापासून ती माजघरात झोपू लागली. त्याचे सदरे धोब्याकडं गेले. फोन वाजला तर ती उचलत नसे. बाळासोनं आधी मनधरणी केली, मग आवाज चढवला, मग तोही गप्प झाला. माल जात राहिला. पर्युषण आलं. तेवढे दहा दिवस तरी शेड बंद ठेवा, असं तिनं सासऱ्यांना सांगून बघितलं. उत्तर बाळासोनं दिलं, "विमान काय आपलं पर्व बघून सुटतंय का?" त्या दहा दिवसांत घरात कांदालसूण तर नव्हतंच, हिरवी भाजीही शिजली नाही. आप्पासोंनी दोन उपवास केले. ट्रक ठरल्या वेळी जात राहिले.

पर्वाच्या शेवटच्या दिवशी बस्तीत, जैन मंदिरात, मोठी गर्दी होती. मगदूमांनी सभामंडपाला संगमरवरी फरशी घालून दिली होती, तिचा त्या दिवशी समारंभ होता. आप्पासोंना शाल आणि नारळ देण्यात आला. एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. आपल्या समाजाचा तरुण सचोटीनं व्यापार करतो आणि कोल्हापूरची भाजी विमानानं थेट पॅरिसला पोचवतो, याचा त्यांनी अभिमान व्यक्त केला. मुंबई ते पॅरिस हे अंतर त्यांनी आकड्यासकट सांगितलं. पुरुषांच्या बाजूला टाळ्या पडल्या. अरुणा बायकांत भिंतीला टेकून बसली होती. तो आकडा तिनं दोऱ्यानं मोजलेला होता. तो आता देवासमोर मोठ्यानं सांगितला जात होता.

तिच्या शेजारी चौगुल्यांच्या आक्का बसल्या होत्या. सत्तरीच्या, व्रतवैकल्याच्या, सगळ्या पेठेत मान असलेल्या. अरुणा त्यांच्याकडं झुकली.

"आक्का, ती भाजी न्हाय. बेडकं हाईत. जित्ती कापून त्यांच्या तंगड्या पाठवत्यात. मी बघितलंय."

आक्कांनी जपाची माळ थांबवली नाही. मणी ओढता ओढताच हळू म्हणाल्या, "ठाऊक हाय गं. आमचं धाकटं सांगत होतं. पर असलं बस्तीत बोलू नये. पर्वाचा दिवस हाय."

पुढं बसलेल्या एका तरुण बाईनं ते ऐकलं असावं. तिनं वळून अरुणाकडं बघितलं, हातातला प्रसाद खाली फरशीवर ठेवला आणि उठून बाहेर गेली. ती कोण होती, अरुणाला माहीत नव्हतं. बाकीच्या रांगेत कुजबुज फिरली आणि थांबली. कुणी पदर सावरला, कुणी पोराला दटावलं. कार्यक्रम पुढं चालू झाला. अरुणाला वाटलं होतं, आपण एक वाक्य बोललो की मंडप थरारेल. ते वाक्य मंडपात आधीपासूनच होतं. लोक त्याच्याभोवती आपापली जागा करून नीट बसले होते.

ती उठली. अनवाणी पायांना ती नवी फरशी गार, गुळगुळीत लागत होती. तिला चालवेना. कडेकडेनं, जिथं जुनी फरशी उरली होती, तिथून ती बाहेर पडली.

दिवाळीआधी तिनं घर सोडलं. इचलकरंजीत मुलींच्या शाळेत भूगोलाची जागा होती, ती तिनं अर्ज करून मिळवली. यंत्रमागांच्या शेडच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली. दिवसरात्र खडखडाट चालायचा, पण वास फक्त सुताचा आणि तेलाचा असायचा. भाऊ जयसिंगपूरहून दोनदा येऊन गेला. "नवरा दारू पीत न्हाय, मारत न्हाय, बाई ठेवली न्हाय. सोडायला कारण काय सांगायचं लोकांना?" असं त्यानं विचारलं. तिनं कारण सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्यासाठी?" त्यानंतर तिनं त्यालाही काही सांगितलं नाही.

तीन पावसाळे गेले. चौथ्यात एका रविवारी बाळासो दारात येऊन उभा राहिला. अंगानं सुटला होता, कानाजवळ केस पांढरे दिसत होते. तिनं त्याला आत घेतलं, चहा ठेवला. पावण्याला द्यावा तसा कपबशीत दिला.

"शेड बंद केली," तो म्हणाला.

अरुणाचा हात थांबला. क्षणभर तिला आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. याच माणसानं तिच्यासाठी गोल आणून टेबलावर ठेवला होता, हे आठवलं. "का?" तिनं विचारलं.

"मालच मिळंना झालाय. ओढं-नालं पार मोकळं पडल्यात. रातभर बत्ती घेऊन हिंडलं तरी पोतं भरत न्हाय. शिये, वडणगे, सगळीकडं तीच तऱ्हा. भातावर किडा पडलाय म्हणून शेतकरी वराडत्यात, आन् बोल आमाला लावत्यात." त्यानं चहा बशीत ओतला, फुंकला. "हंबीरराव म्हणतोय, बंगालात रग्गड हाय. तिकडं शेड टाकू. पर तिथनं पॅरिस जास्त पडतंय. मधे कुठं थांबा हाय, किती तास, बर्फ किती लागंल, ह्ये नीट बसवायला पायजे." तो चहाचा घोट घेऊन थांबला आणि तिच्याकडं बघून जरासा हसला. "तुझ्याशिवाय कुणाला जमत न्हाय ते. तू घरी चल. मागचं सोडून दे."

त्याच्या ओठावर चहाची साय चिकटली होती. त्याला खरंच वाटत होतं, की आपण बायकोला मानानं न्यायला आलोय. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही लबाडी नव्हती, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली. खोटं बोलणाऱ्याला निदान लपवण्यासारखं काहीतरी आहे हे कळत असतं.

"चहा झाला असंल तर निघा," ती म्हणाली. "तुमची एस्टी चुकंल."

"अगं, मी काय म्हणतोय..."

"ऐकलं मी."

ती उठून दार धरून उभी राहिली. तो टोपी घालून निघाला. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "तू लई कठोर झालीस." त्या बोलण्यात त्याला खरोखर दुःख होत होतं. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तिनं दार लावलं नाही, आणि मग लावलं.

बंगालात शेड झाली की नाही, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. दोन वर्षांनी आप्पासो गेल्याची तार आली. ती कोल्हापूरला गेली. ओसरीवर माणसं जमली होती, त्यांच्या सचोटीच्या, व्रतांच्या गोष्टी निघत होत्या. बस्तीतल्या फरशीचं नाव दोघातिघांनी काढलं. अरुणानं नमस्कार केला, घरातल्या वयस्कर बायकांजवळ घडीभर बसली. कुणीतरी फडक्यानं गाळलेलं पाणी पुढं केलं, ते तिनं हातानंच नको म्हटलं. संध्याकाळच्या गाडीनं ती इचलकरंजीला परतली. खोलीचं कुलूप उघडलं, चूल पेटवली आणि भात टाकला. तिला कडकडून भूक लागली होती.